जिन्यातला लाल दिवा

दुपारचं प्रक्षेपण संपलं, जिन्यातला लाल दिवा विझला आणि घराला तोंड फुटलं. वरच्या खोलीत खुर्च्या सरकल्या, खाली नळ सुटला, कुणीतरी मघापासून दाबून धरलेली शिंक एकदाची दिली, आणि दादा जिना उतरता उतरताच म्हणाला, "आज काय तो सोक्षमोक्ष लावायचाच. थोड्याच वेळात पालिकेचा अभियंता येतोय. त्याला मी पुन्हा 'बघू' म्हणून सांगणार नाही."

"मग काय सांगणार आहेस? आप्पांनी हो म्हटलंय?" स्वयंपाकघराच्या दारातून वन्संनी विचारलं. दादाची ही धाकटी बहीण. एका शाळेची मुख्याध्यापिका, त्यामुळे त्यांचा प्रत्येक प्रश्न समोरच्याला उभं राहून उत्तर द्यायला लावायचा.

"नाहीही म्हटलेलं नाही."

"म्हणजे नाहीच."

"अगं, म्हणजे बघूच!"

दादाची बायको, सूनबाई, पातेल्यात चहाचं पाणी ओतत होती. या घरात आल्याला तिला इतकी वर्षं झाली होती की आता तिची स्वतःची लेक वर माइकपुढे बसत होती, तरी आप्पा तिला सूनबाईच म्हणत आणि आप्पा म्हणत म्हणून सगळं गावही तेच म्हणे. रोज सकाळी तिचा कार्यक्रम सुरू झाला की न्हाव्याच्या दुकानातला वस्तरासुद्धा क्षणभर थांबतो, असं लोक सांगत. यात किती खरं आणि किती न्हाव्याचं, ते न्हाव्यालाच ठाऊक.

प्रश्न साधा होता. पालिकेनं रेडिओ केंद्राला जुन्या टपाल कचेरीतल्या तीन खोल्या देऊ केल्या होत्या. नवा, जास्त ताकदीचा प्रक्षेपक मंजूर झाला होता. त्याला उंच मनोरा लागणार होता आणि या घराचं छत तो पेलणार नव्हतं. मनोरा उभा राहिला तर नदीपलीकडच्या वस्त्यांना घरात बसून ऐकता येणार होतं. आत्ता तिकडची माणसं पाण्याच्या वेळा ऐकायला रेडिओ घेऊन पत्र्यावर चढत. सगळं कसं जुळून आलं होतं, आणि आप्पा गेला महिनाभर ताकास तूर लागू देत नव्हते. संस्था होती, तिचं मंडळ होतं, पण आप्पांनी मान हलवल्याशिवाय मंडळातलं कुणी खुर्चीसुद्धा हलवणार नव्हतं. आणि आज उत्तर दिलं नाही तर त्या खोल्या गोदामाला जाणार होत्या.

खुद्द आप्पा जिन्याच्या समोर, आपल्या नेहमीच्या आरामखुर्चीत बसले होते. शेजारच्या तिपाईवर त्यांचा जुना लाकडी रेडिओ, आणि दुसऱ्या बाजूला स्टुलावर आई, भाजी निवडत. गेली दोनतीन वर्षं आईनं आपलं स्टूल आप्पांच्या खुर्चीला असं चिकटवलं होतं, की वन्सं एकदा म्हणाल्या होत्या, "म्हातारपणी यांचं लग्न नव्यानं लागलंय."

केंद्राचा जन्म याच घरात झाला. बिऱ्हाड मधल्या मजल्यावर, आणि खालच्या दुकानात आप्पा रेडिओ दुरुस्त करत. दुरुस्त झालेला संच तपासायला दुकानाबाहेर भोंगा लावत, आणि बायाबापड्या येऊन म्हणत, आता तो भोंगा वाजतोच आहे तर जरा सांगा ना, आमची शेळी हरवलीय. शेळी सापडली. मग पाकीट, मग किल्ल्या, मग रागावून गेलेला एक जावई. पुढे जलवाहिनी फुटली, त्या उन्हाळ्यात कुठल्या गल्लीत टँकर कधी येईल हे आप्पा सकाळ-संध्याकाळ सांगत, आणि गावानंच अर्ज-विनंत्या करून त्यांच्यासाठी परवाना आणला. वरच्या खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या आणि केंद्र सुरू झालं.

पण गाद्या किती आवाज अडवणार? जिना करकरे, नळ खोकत, झाकणं पडत, आणि हे सगळं गावाला ऐकू जाई. एकदा पिकांच्या माहितीत आई मोलकरणीला बोलली तेही गेलं आणि मोलकरीण आठ दिवस फुगून बसली. तेव्हा आप्पांनी माइकच्या बटणाला तार जोडून एक लाल दिवा जिन्यात टांगला. दिवा लागला की घरात कुणी बोलायचं नाही. नळ नाही, भांडं नाही, खोकला पदरात. आणि घर म्हटलं की बोलल्यावाचून चालत नाही, म्हणून मग खुणा आल्या. तळहातावर बोट घासलं की चहा. मनगटावर दोन बोटं म्हणजे वेळ संपत आली. कपाळावर टिचकी म्हणजे तुला अक्कल नाही, आणि ही खूण सगळ्यात जास्त वापरली जाई. उघडा पंजा पुढे सरकवला की 'आता तू'. आणि पंजा छातीवर ठेवला की 'पोचलं'. तुझा आवाज पोचला, तुझं म्हणणं पोचलं. आप्पांच्या तोंडून कधी कुणाची स्तुती झाली नाही, पण त्यांचा हात छातीवर गेला की माणूस दिवसभर हवेत असे.

सूनबाईचं नवऱ्याशी पहिलं भांडण झालं ते बाजारभाव चालू असताना, जिन्यात, निव्वळ हातांनी. तिनं त्याला तीन टिचक्या दाखवल्या होत्या. गहू, तांदूळ आणि डाळींचे भाव संपेपर्यंत समेटही झाला होता.

"आप्पा," दादा आता त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला, "एकदा काय ते बोला. जायचं का नाही?"

आप्पांनी त्याच्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. "हं. बघू," ते म्हणाले.

"कशाला त्यांच्या मागे लागतोस?" वन्सं पुढे झाल्या. "त्यांनी हातानं उभं केलेलं केंद्र आहे हे. या भिंतींत त्यांचा जीव आहे. तुला नवं यंत्र मिळणार म्हणून म्हाताऱ्या माणसाला घरातून उठवणार का?"

"घरातून कोण उठवतंय? केंद्र उठतंय!"

"त्यांच्यासाठी दोन्ही एकच आहे."

"आत्या, तू नदीपलीकडे राहून बघ एक दिवस." भिंगरी वरून धडाधड उतरत आली. ही सूनबाईची लेक, कॉलेज संपवून केंद्रात शिरलेली. पायाला कधी थारा नाही म्हणून लहानपणीच हे नाव पडलं होतं. "माझ्या कार्यक्रमाला तिकडची एक बाई फोन करते. पावसात छत्री घेऊन पत्र्यावर बसते ती. छत्री घेऊन!" तिनं डोक्यावर छत्री धरून अंग चोरून दाखवलं. "आणि आजोबांना त्या खोल्या मी स्वतः दाखवून आणल्या. काय छान आहेत! भिंती जाड, मध्ये ही मोठी काच. मी आजोबांना म्हटलंसुद्धा, तिथे दिवा नको, खुणा नको, बाहेर कुणाला गप्प बसायला लागणार नाही, सगळ्यांनी खुशाल बोलावं."

"आणि तेव्हापासूनच ते गप्प आहेत," आई भाजीतून मान वर न करता म्हणाली.

हे खरं होतं. त्या दिवशी आप्पा घरी आले ते न जेवताच आडवे झाले होते.

"बघ, म्हणजे त्यांना जागा आवडलेली नाही," वन्सं म्हणाल्या. "वहिनी, तू तरी सांग याला. तू का गप्प?"

आतापर्यंत सूनबाई नवऱ्याच्या बाजूनं होती. पण गेला महिनाभर आप्पांचा चेहरा पाहून तिचा पाय निघत नव्हता. "मला वाटतं, त्यांच्या मनात नसेल तर राहू दे," ती हळूच म्हणाली.

"झालं! तूही तिकडे गेलीस?" दादानं हात टेकले.

"तिकडे-इकडे काय, अहो? मला माइकपुढे कुणी बसवलं, ते विसरू का मी?"

तेवढ्यात भिंगरीनं घड्याळ पाहिलं, जीभ चावली आणि वर पळाली. पाण्याच्या सूचना सांगायची वेळ झाली होती. लाल दिवा लागला. दादाचं वाक्य अर्ध्यावर तुटलं, आईनं सुरी खाली ठेवली, आणि घर गप्प झालं.

भांडण मात्र गप्प झालं नाही. वन्संनी भिंतींकडे बोट फिरवलं आणि दोन्ही हात छातीशी धरले: हे आपलं घर. दादानं छताकडे दाखवलं, हाताचा मनोरा केला, तो झुलवला आणि वन्संच्या डोक्यावर पाडला. वन्संनी टिचकी मारली. आणि आप्पा खुर्चीत पुढे सरकले.

त्यांचे डोळे एकदम लखलखले. त्यांनी दादाचा तो मनोरा हवेतच धरला, वळवला आणि दादाच्याच डोक्यावर पाडला. मग बोटानं डोकं ठोकून दाखवलं, आत पोकळ, आणि त्याचा नाद दूरवर कसा घुमला ते हात लांबवत लांबवत असं दाखवलं की वन्संनी पदर तोंडात कोंबला आणि दादा भिंतीला टेकून गदगदा हलायला लागला. कुणाचाही आवाज फुटला नाही. हसू ओसरल्यावर आप्पांनी नदीकडे हात केला, डोक्यावर छत्री धरली, पत्र्यावर बसलेल्या बाईसारखं अंग चोरलं, आणि हळूच पंजा छातीवर ठेवला. तिला पोचलं पाहिजे. मग त्यांनी स्वतःकडे बोट दाखवलं, आणखी काही सांगायला हात उचलला...

...आणि दिवा विझला.

"बघा! आप्पा हो म्हणतायत!" दादा ओरडला.

"कुठे हो म्हणाले? त्यांना पुढे काही सांगायचं होतं, तू मध्ये तोंड घातलंस."

"मी घातलं?"

दोघं एकदम बोलत होते. आप्पांचा हात तसाच वर राहिला. त्यांची नजर दादाच्या तोंडावर गेली, तिथून वन्संच्या, पुन्हा दादाच्या. मग हात सावकाश खुर्चीच्या दांडीवर उतरला. "बघू," ते म्हणाले.

सूनबाईच्या हातातली गाळणी तशीच राहिली.

ती आप्पांच्या मागच्या बाजूला उभी होती. तिथूनच ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आप्पा, चहा." ते वळले नाहीत. ती एक पाऊल पुढे आली. "आप्पा, तुमच्या सदऱ्यावर पाल पडलीय." दादा आणि वन्सं दचकून बघायला लागले. आप्पा शांतपणे जिन्याकडे पाहत होते.

मग तिला बुधवार आठवला. बुधवारी छतावरच्या प्रक्षेपकाचा कुठला तरी भाग जळाला होता आणि तिचा सगळा कार्यक्रम हवेत गेलाच नव्हता. माइक चालू होता, दिवा चालू होता, ती आपली बोलत होती. खाली आली तेव्हा आप्पांनी रोजच्यासारखा पंजा छातीवर ठेवला: पोचलं. तिपाईवरचा रेडिओ तेव्हा नुसता खरखरत होता. मागून दादानं येऊन सांगितलं की एक शब्द बाहेर गेलेला नाही, आणि तिला वाटलं, आप्पा आपली समजूत काढताहेत.

ती स्वयंपाकघरात गेली आणि आईला हाक मारली. आई भाजीची परात घेऊन आत आली.

"आई, त्यांना कधीपासून ऐकू येत नाही?"

आईनं परात ओट्यावर ठेवली. पदरानं हात पुसले. "कळलं का तुला?" ती म्हणाली. "बरं झालं बाई. कुणी काही विचारलं की त्यांच्या गुडघ्यावर टिचक्या मारून मारून माझी बोटं दुखायला लागलीत."

"अहो, पण सांगायचं नाही का आम्हाला?"

"त्यांनी शपथ घातली. आधी एक कान गेला, मग दुसरा; दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, यंत्रानंही उपयोग नाही. हे म्हणाले, रेडिओवाला बहिरा झाला म्हटल्यावर गाव हसेल. दुकानातले संच दुसऱ्याकडे द्यायला लागले, तेव्हा नजर अधू झाली म्हणून सांगितलं. तुम्ही विश्वास ठेवलात."

"कसं कळलं नाही मला? एवढ्या माणसांच्या घरात!"

"कसं कळणार? अर्धा दिवस आपण सगळेच मुके. दिवा लागला की ते तुमच्याहून हुशार. विझला की म्हातारबा विचारात आहेत, असं तुम्ही धरून चालायचात." आईनं परात उगाच पुढे सरकवली. "आणि तुझी पोर त्यांना म्हणाली, तिथे दिवा नसेल. ते ओठ वाचतात थोडे, तेवढं नेमकं वाचलं त्यांनी. दिव्याविना ती जागा म्हणजे त्यांना एकांतवास वाटतोय गं. पण तू बाहेर बोलू नकोस. त्यांनी स्वतः सांगितलं तर सांगितलं."

सूनबाई ओट्याला टेकून उभी राहिली. तिला रडू आलं, ते तिनं येऊ दिलं. माहेरी ती बोलायला लागली की कुणी ना कुणी 'पुरे' म्हणे, त्यामुळे सासरी आली ती तोंडाला कुलूप लावूनच. एक दिवस मागच्या दारात शेजारणीला ती आपल्या गावच्या विहिरीची गोष्ट सांगत होती, आणि वरून आप्पांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी तिला माइकपुढे बसवलं. दिवा लागला. तिची जीभ टाळूला चिकटली. आप्पांनी पंजा पुढे सरकवला, आता तू. ती गप्प. सगळं गाव रेडिओला कान लावून शांतता ऐकत होतं. दुसरं कुणी असतं तर घाईघाईनं गाणं लावलं असतं. आप्पांनी काही केलं नाही. हात तसाच पुढे धरून ते बसून राहिले, जणू त्यांना दिवसभर दुसरं कामच नव्हतं. मग तिनं तोंड उघडलं, आणि ते आजतागायत मिटलं नव्हतं. ज्या माणसानं मला पहिल्यांदा ऐकलं, त्याला माझं ऐकू येत नाही हे मला दोन वर्षं कळू नये, असं तिच्या मनात आलं आणि ती स्वतःवरच चिडली.

तिनं तोंड धुतलं आणि जिना चढली. वर भिंगरी तारा गुंडाळत होती.

"प्रक्षेपक बंद आहे ना?"

"हो, आता एकदम संध्याकाळी. का गं आई?"

"मग खाली चल. आणि मी दिवा लावला तरी काही विचारू नकोस."

तिनं माइकचं बटण दाबलं.

खाली दादा वन्संना काहीतरी सुनावत होता, तो मध्येच थांबला. सगळ्यांनी वर पाहिलं. आत्ता कसला कार्यक्रम? पण दिवा तो दिवा. कुणी आवाज केला नाही. सूनबाई उतरून आली, आप्पांच्या समोर जमिनीवर बसली. आप्पांचे डोळे दिवा पाहून जागे झालेच होते. तिनं कानाला हात लावला नाही, आईकडे पाहिलं नाही, कसलीच चौकशी केली नाही. तिनं फक्त पंजा पुढे सरकवला.

आता तुम्ही.

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं. घड्याळाकडे पाहिलं: ही प्रक्षेपणाची वेळ नव्हती. तिला सगळं कळलंय, हे त्यांना कळलं. त्यांनी मान फिरवली. दादानं विचारायला हात उचलला, तो तिनं डोळ्यांनीच खाली बसवला. तिचा हात पुढेच होता. खांदा दुखायला लागला तरी तिनं तो मागे घेतला नाही. तिलाही आज दिवसभर दुसरं काम नव्हतं.

शेवटी आप्पांनी हात उचलला. एका कानाला बोट लावलं आणि हवेत काहीतरी सोडून दिलं. दुसऱ्या कानाला लावलं, तेही सोडून दिलं. गेलं.

वन्संनी तोंडावर हात दाबला. दादा समजला नसावा, किंवा समजून घ्यायला तयार नसावा. त्यानं कपाळावर आठ्या घालून पुन्हा विचारलं. आप्पांनी मग सविस्तर सांगितलं, त्यांच्याच पद्धतीनं. दोन्ही हातांची बोटं चोचींसारखी उघडमीट केली: हा तू, ही तू, ही भिंगरी, सगळे एकदम. आणि मधोमध एक म्हातारा, मान इकडे फिरवतोय, तिकडे फिरवतोय. त्याचा चेहरा त्यांनी इतका हुबेहूब बावळट केला की भिंगरी हसली आणि हसता हसताच रडायला लागली. मग त्यांनी दिव्याकडे बोट केलं. हा लागला की मी घरात. विझला की पाहुणा. आणि तिकडे, टपाल कचेरीकडे, हा नाहीच.

दादा भडकला. त्याला राग स्वतःचा आला होता, पण माणूस जवळच्याच माणसावर काढतो. सांगितलं का नाही, त्यानं हात आपटून विचारलं. आप्पांनी रेडिओवर हात ठेवला, मग पोट धरून हसणारं सगळं गाव दाखवलं.

वन्सं उठल्या. त्यांनी आप्पांच्या कपाळावर हलकेच एक टिचकी मारली. उभ्या आयुष्यात वडिलांना ही खूण करायची त्यांची हिंमत झाली नव्हती. मग तिथेच, खुर्चीच्या दांडीवर बसून, त्यांनी वडिलांचं डोकं पोटाशी धरलं.

सूनबाईला त्यांना खूप काही सांगायचं होतं आणि खुणा पुरत नव्हत्या. तिनं आप्पांकडे बोट दाखवलं, मग आप्पांच्या कानाकडे. मग स्वतःच्या बंद तोंडाकडे. ते तिनं दोन्ही हातांनी उघडून दाखवलं, आणि त्यातून शब्द बाहेर पडताहेत, छतावरून जाताहेत, नदी ओलांडताहेत, असे हात लांब नेले. तुम्ही ऐकलंत म्हणून. नमस्कार करायला ती वाकली तेव्हा आप्पांचा पंजा त्यांच्या छातीवर होता, आणि तो तिथून बराच वेळ हलला नाही.

भिंगरी एव्हाना आजोबांच्या पायाशी येऊन बसली होती. नव्या पिढीच्या खुणा म्हणजे घाईचं अक्षर, अर्ध्या खायच्या आणि अर्ध्या भलत्याच व्हायच्या. तरी तिनं जीव तोडून सांगितलं. चौकोन काढला, मोठा. काच. काचेच्या आत मी, बोलतेय. काचेच्या बाहेर, इथे, खुर्ची. काचेतून आवाज जात नाही! मग मला कळणार कसं, कधी सुरू करायचं, कधी थांबायचं? कुणीतरी हातानं सांगायला नको? आणि असे हात गावात आणखी कुणाकडे आहेत? तिनं आजोबांचे दोन्ही हात धरून त्या हवेतल्या खुर्चीवर ठेवले.

दादानं डोळे पुसले आणि लगेच कामाला लागला. भावना आवरायची त्याची ती पद्धत होती. त्यानं जिन्यातल्या दिव्याची तार दाखवली, ती वरच्या माइकपासून बोटांच्या कात्रीनं कापली, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आणली आणि तिथे हवेत एक बटण बसवलं. केंद्र गेलं तरी दिवा इथेच. ज्याला आप्पांशी बोलायचंय त्यानं लावायचा. आईनं लगेच खूण केली की मग ते बटण माझ्या हाताला येईल असं खाली बसव, मला तुझ्याएवढं उंच व्हायचं नाहीये.

आप्पा बघत होते. एकेकाच्या हातांकडे, एकेकाच्या चेहऱ्याकडे. इतक्या दिवसांनी त्यांना कुणाचं काही निसटत नव्हतं.

खाली दार वाजलं. ते सगळ्यांनी ऐकलं आणि आप्पांनी सगळ्यांच्या माना वळलेल्या पाहिल्या. पालिकेचा अभियंता जिना चढायला लागला होता. तो याच गावात लहानाचा मोठा झालेला. लाल दिवा दिसताच तो तिसऱ्या पायरीवर थबकला, गपचूप चपला काढून हातात घेतल्या आणि करकरणारी पायरी वगळून वर आला. इथे सगळे रडवेले का बसलेत हे त्याला कळेना. पण दिवा चालू असताना विचारायचं कसं? त्यानं भुवया उंचावल्या, मनगटावर दोन बोटं ठेवली: वेळ संपत आली. मग हात उघडून सगळ्यांकडे फिरवला. हो की नाही?

दादानं वन्संकडे पाहिलं. वन्संनी मान हलवली. दोघांनीही मग सूनबाईकडे पाहिलं, आणि सूनबाईनं आप्पांपुढे पुन्हा पंजा सरकवला.

आप्पा खुर्चीतून उठून उभे राहिले. ज्या माणसानं हा दिवा टांगला, ज्यानं शिंकेलासुद्धा घरातून हद्दपार केलं होतं, त्यानं दिवा लागलेला असताना तोंड उघडलं.

"हो!"

स्वतःचा आवाज किती मोठा झाला हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. खिडकीची तावदानं थरथरली. रस्त्यावरून जाणारा सायकलवाला उतरून वर बघायला लागला. सवयीनं सगळ्यांचीच बोटं ओठांवर गेली, अभियंत्याच्या हातातली चप्पल जिन्यावरून गडगडत खाली गेली, आणि आईनं घाबरून दिव्याकडे पाहिलं.

आप्पांनी आळीपाळीनं सगळ्यांकडे पाहिलं. काहीतरी चुकलं का, असा त्यांचा चेहरा झाला होता. त्यांनी हात अर्धवट उचलून विचारलं, पोचलं का?

सूनबाईनं आपला पंजा छातीवर ठेवला. वन्संनी ठेवला, दादानं ठेवला, भिंगरीनं ठेवला. आईनंही हात पदरावर ठेवला. आणि काय चाललंय याचा काहीही पत्ता नसलेल्या अभियंत्यानंही, एका हातात एकच चप्पल धरून, दुसरा हात छातीवर नेला.